गरम चाकावर गार पाणी

सुभानकाकांनी हातभर लाकडी दांडका कानाला लावला, त्याचं दुसरं टोक फटफटीच्या मागच्या चाकाच्या तुंब्यावर टेकवलं आणि मला म्हणाले, "फिरव. हळू. तुझ्यासारखं नाही, माणसासारखं."

मी चाक फिरवलं. तुंबा म्हणजे चाकाचा मधला जाड भाग, बेअरिंग त्याच्या पोटात बसते. मला काहीच ऐकू येत नव्हतं. काका डोळे मिटून ऐकत होते.

"बस. गेली."

"काय गेली?"

"बेअरिंग. दुसरं काय जाणार, तुझी येसूकाकी?"

चार महिन्यांतली ही तिसरी. पहिली गेली तेव्हा कुणी काही बोललं नाही. दुसरी गेली तेव्हा गॅरेजचे सुपरिंटेंडेंट जगदेवराव यांनी रजिस्टरात लिहिलं, 'चालक पिलाजी यांचा निष्काळजीपणा', आणि पहिलीच्या ओळीतही मागाहून तेच घातलं. चालक म्हणजे मी. माझं नाव पिलाजी. इंग्रजी तिसरीत शाळा सोडली, कारण बसवत नव्हतं. मग फटफटी चालवायला शिकलो आणि सरकारी टपालाची थैली घेऊन बडोदं ते डभोई आणि परत, रोज चाळीस मैल, हे काम मिळालं. मला त्याहून चांगलं काम ठाऊक नव्हतं, अजूनही नाही.

गॅरेजात तीन फटफट्या होत्या. दोन साखळीच्या. माझी तिसरी, शाफ्टाची. तिला साखळी नव्हती. इंजिनापासून मागे एक पोलादी दांडा जायचा, तो मागच्या चाकाला चिकटलेल्या दातऱ्यांच्या पेटीत घुसायचा आणि ती पेटी चाक फिरवायची. साखळी तुटायची भानगड नाही, तेल उडायची भानगड नाही. लांबच्या रस्त्याला ती उत्तम, म्हणून डभोईला तीच. साखळीच्या गाड्यांच्या बेअरिंगा दोन-दोन वर्षं टिकत होत्या. हिची महिन्या-सव्वा महिन्यात कुरकुरायला लागायची. आणि बेअरिंग यायची मुंबईहून, मुंबईला यायची विलायतेहून. तोवर थैली बैलगाडीच्या वेगाने जायची.

तिसरीच्या दिवशी जगदेवराव स्वतः खाली आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "पिलाजी, तिसरी ओळ पण तुझ्या नावावर टाकली. चौथी गेली की तू घरी."

"साहेब, मी काय केलंय?"

"तू ढाढर नदीतून गाडी घालतोस. पुलाचा दीड मैलाचा फेरा वाचवायला. मला सांगू नकोस, मी पण तरुण होतो."

मी म्हटलं, घालत नाही. ते म्हणाले, सिद्ध कर. आणि वर गेले.

काका तोवर चाक खोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सुभानकाकांबद्दल आधी सांगतो. ते माझे सख्खे काका नव्हेत. त्यांचे आजोबा आणि माझे पणजोबा एकाच पथकात शिलेदार होते, एवढंच नातं. पण बडोद्यात आमच्या लोकांना तेवढं पुरतं. काका चौदाव्या वर्षी पागेत मोतद्दार म्हणून लागले. घोड्याला खरारा करायचा, दाणा घालायचा, पाय बघायचे. मग बग्गीखान्यात आले, चाकांना वंगण घालायला. मग मोटारी आल्या, तेव्हा बग्गीखान्यातली माणसं त्यांना हात लावायला घाबरत होती, म्हणून काकांना धुवायला लावलं. धुता धुता ते खोलायला शिकले, खोलता खोलता जोडायला. इंग्रजी अक्षर येत नव्हतं. बाळबोध अडखळत वाचायचे, सही मोडीत करायचे. पण इंजिनाचा आवाज ऐकून कुठला वॉल्व जळलाय ते सांगायचे, आणि ते खरं निघायचं.

गाडी कधी चालवली मात्र नाही. एकदा मी म्हटलं, शिकवतो. म्हणाले, "घोडा पडताना माणसाला बाजूला टाकतो. ही अंगावर घेते. तूच चालव."

उंच, वाकलेले, डोक्याला घट्ट फेटा. उन्हाळ्यात सुद्धा पागेतला जुना खाकी कोट. फटफटीला ते घोडी म्हणायचे आणि तिच्याशी बोलायचे. लोक हसायचे. मी हसणाऱ्यांतल्या एकाची गचांडी धरली होती, त्यानंतर माझ्यासमोर कुणी हसलं नाही.

तर त्या दिवशी त्यांनी बेअरिंग बाहेर काढली आणि पांढऱ्या फडक्यावर ठेवली. तुंब्यात दोन असतात, दोन बाजूंना. दातऱ्यांच्या पेटीकडची खराब होती, पलीकडची जवळजवळ नव्यासारखी.

"हे बघ," ते म्हणाले. "घट्ट आवळून मेली असती तर छर्रे ज्या कड्यावर फिरतात त्या कड्याच्या एका कडेला घासलेलं दिसलं असतं. ही मधोमध चालली आहे. म्हणजे मी आवळायला चुकलो नाही. हातोडीने ठोकून बसवली असती तर कड्यावर खड्डे एकसारख्या अंतरावर असते, छर्र्यांच्या जागी. तसे नाहीत. खड्ड्यांतून गाडी हाणून मेली असती तर दोन्हींचे हाल झाले असते. म्हणजे तुझं पण तेवढं खोटं नाही."

"तेवढं म्हणजे?"

"तू हाणतोस ते मला माहीत आहे."

मग त्यांनी बोटाने ग्रीस काढलं. नवं ग्रीस पिवळं, तुपासारखं असतं. हे पांढुरकं होतं, ताकासारखं. त्यांनी ते दोन बोटांत चोळलं, वास घेतला, मग बेअरिंगचं कडं उन्हात धरलं. आत तपकिरी ठिपके होते. गंजाचे.

"पाणी," काका म्हणाले.

 पाणी म्हणजे नदी, नदी म्हणजे मी.

"गेलास का नदीतून?"

"नाही."

"एकदा पण नाही?"

"मागच्या पावसाळ्यात दोनदा. ही बेअरिंग तर फागणात बसवली. आता चैत्र चाललाय. नाही गेलो."

"बस," म्हणाले. परत विचारलं नाही. पण जगदेवरावांना त्यांनी खरं तेच सांगितलं, की आत पाणी गेलंय. जगदेवराव म्हणाले, झालं तर मग, मी काय म्हणत होतो. मी काकांवर भडकलो. म्हटलं, तुम्ही कुणाच्या बाजूचे?

"चाकाच्या," म्हणाले. "तुझ्या बाजूने मी आहेच, ते काय बोलून दाखवायचं? पण पाणी आहे तर आहे. आलं कुठून ते बघू."

मुंबईहून नवी बेअरिंग यायला नऊ दिवस लागले. ती बसवली त्या सकाळी काकांनी एक गोष्ट केली. तुंबा फडक्याने कोरडा पुसला आणि त्याला गेरूचा हात दिला, तुळशीवृंदावनाला देतात तसा. पेटीवर, तुंब्यावर, आऱ्यांच्या मुळाशी. वाळवला. मग जगदेवरावांना बोलावून दाखवला.

"साहेब, हा संध्याकाळी बघा. पोरगा पाण्यातून गेला तर गेरू राहणार नाही. राहिला तर पोरगा खरा."

जगदेवराव म्हणाले, "बराबर. पण चार दिवस बघणार. एका दिवसाने काय होतंय?"

मी चार दिवस गेलो आणि आलो. पुलावरून. एक दिवस तर पुलाजवळ म्हशींचा कळप आडवा आला, शेणामुताचे शिंतोडे उडतील म्हणून मी गाडी बंद करून पाव तास उभा राहिलो. गाडी थांबवून उभं राहणं हे मला आयुष्यात कधी जमलेलं नाही. त्या दिवशी जमलं.

रोज संध्याकाळी शहराच्या पाणीगेट वेशीकडून मी गॅरेजात शिरायचो, काका पुढे यायचे, खाली वाकून तुंबा बघायचे, जगदेवरावांना वरून हाक मारायचे. गेरू जागेवर. धुळीने माखलेला, पण जागेवर. मी थैली उचलून हपिसात पोचवायला जायचो. परत येईपर्यंत काकांनी गाडी धुऊन, पुसून, दुसऱ्या दिवशीचा गेरू लावून ठेवलेली असायची.

चौथ्या दिवशी जगदेवराव म्हणाले, "वांधो नाही. छोकरा नदीतून जात नाही, मान्य. आता चाक खोला."

खोललं. ग्रीस पांढुरकं.

जगदेवरावांनी माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. म्हणाले, "जादू आहे का काय? पोरगा पाण्यात गेला नाही, पाऊस नाही, आणि पाणी आत आहे. का तुम्हीच रोज नवा गेरू लावून माझ्या डोळ्यांत धूळ टाकताय?"

काकांना असं कुणी बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी पुढे झालो, काकांनी माझा दंड धरला. त्यांची बोटं अजून घोड्याचा लगाम धरणाऱ्याची होती, दुसऱ्या दिवशी वळ होते.

"उद्या परत," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी येसूकाकी दुपारची भाकरी घेऊन गॅरेजात आल्या होत्या. रोज काका घरून घेऊन निघायचे, त्या दिवशी विसरले. मी परत आलो तेव्हा त्या दाराशी ओट्यावर बसलेल्या होत्या, डबा तसाच.

"यांनी घास खाल्ला नाही रे पिल्या. सकाळपासून त्या चाकाच्या तोंडाकडे बघतायत. माझ्या तोंडाकडे इतकं बघितलं असतं तर चार पोरं जास्त झाली असती."

"येसू, पोरासमोर," काका म्हणाले.

"पोरगा वीस वर्षांचा घोडा आहे."

मी त्या दिवशी थैली ताबडतोब पोचवली नाही. काकींनी मला ओट्यावर बसवून अर्धी भाकरी हातात दिली. म्हणून पुढचं मला बघायला मिळालं. नाहीतर रोज यावेळी मी हपिसाच्या वाटेवर असायचो.

काकांनी वाकून तुंबा बघितला. गेरू जागेवर. त्यांनी मान हलवली. मग कोपऱ्यातली बादली उचलली, हौदात बुडवून भरून आणली आणि मागच्या चाकावर ओतली.

चर्र आवाज झाला. थोडी वाफ निघाली. आणि गेरू लाल होऊन फरशीवरून वाहत ओट्यापर्यंत आला.

काकी म्हणाल्या, "घरी हंडा उचलायचा म्हटलं की यांची पाठ धरते."

काका हलले नाहीत. रिकामी बादली हातात, फरशीवरच्या लाल ओघळाकडे बघत उभे. मला वाटलं त्यांना चक्कर आली. मी उठलो.

"पिल्या," म्हणाले, "रोज मी हेच करतो."

"धुता ना. मग?"

"तू येतोस, मी पाणी घालतो. लगेच. गाडी थंड व्हायच्या आधी. पागेत आम्हाला पहिली गोष्ट हीच शिकवली, धावून आलेल्या जनावराच्या पायांवर आधी गार पाणी, मग दाणा. चाळीस वर्षं हात तेच करतात. मी डोकं लावलंच नाही कधी."

मला कळेना. साखळीच्या गाड्यांना पण ते तसंच पाणी घालायचे, त्यांना काही होत नव्हतं. मी ते बोललो.

काकांनी माझा हात धरून आधी साखळीच्या गाडीच्या तुंब्यावर ठेवला. ती पण नुकतीच बाहेरून आली होती. कोमट. मग माझ्या गाडीच्या पेटीवर. पाणी घातल्यावरसुद्धा मी हात मागे घेतला.

"दातऱ्या तेलात घासत येतात वीस मैल. पेटी तापते, तिला चिकटून तुंबा तापतो. आणि वर तू पाणीगेटाच्या उतारावर ब्रेक दाबत येतोस."

"थोडासा."

"तुंब्याच्या पोटात हवा आहे. ती तापून फुगते. वरून गार पाणी घातलं की हवा आकसते. मग तुंबा काय करणार? ओढणार. तुंबडी लावतात तेव्हा काय होतं? आत जाळ करून अंगावर उलटी ठेवतात, ती थंड होताना कातडं आत ओढते. तसं हे चाक पाणी ओढतंय. आसाभोवती नमद्याची, दाबलेल्या लोकरीची, कडी आहे, ती धूळ अडवते. ओढलेलं पाणी नमदा काय अडवणार? घोड्याच्या खोगिराखालचा नमदा घामाने भिजतोच की."

काकी म्हणाल्या, "म्हणजे चूक कुणाची?"

काकांनी बादली जागेवर ठेवली. "माझी."

मी हातातली भाकरी खाली ठेवली आणि म्हटलं, काका, आता गप्प बसा. कुणाला सांगायची गरज नाही. उद्यापासून पाणी घालू नका, बेअरिंग टिकेल, जगदेवराव विसरतील. चौथी गेलीच नाही तर मला कोण काढतोय?

"आधी खात्री करू," ते म्हणाले.

खात्री अशी केली. ग्रीस नवं भरलं. एक आठवडा त्यांनी माझ्या गाडीला पाणी लावलं नाही, फक्त सकाळी, गार असताना, ओल्या फडक्याने पुसली. संध्याकाळी मी आलो की ते हात मागे बांधून उभे राहायचे. खरंच मागे बांधून, कारण हात बादलीकडे जायचे. आठवड्याने चाक खोललं. ग्रीस पिवळं. बेअरिंग चकचकीत. परत जोडलं, त्या संध्याकाळी मुद्दाम एक बादली गरम चाकावर ओतली, सकाळी खोललं. पांढुरकं. एका बादलीत.

मी परत सांगितलं, गप्प बसा. या वेळी हात जोडून सांगितलं. काकींनी पण सांगितलं, त्या म्हणाल्या, "लई डाह्यो होऊ नका, शहाणपणा पुरे, म्हातारपण आलंय." काकांनी फेटा नीट केला, खराब बेअरिंग आणि ग्रीसची दोन फडकी, एक पिवळं एक पांढरं, हातात घेतली आणि वर जगदेवरावांच्या खोलीत गेले. दार लावलं गेलं.

अर्ध्या तासाने खाली आले. म्हणाले, "तू टपालाला उशीर करू नकोस."

तिसऱ्या दिवशी हुकूम लागला. गाड्या गरम असताना कुणीही पाणी घालू नये. चालक पिलाजी यांच्याकडे दोष नाही. मिस्त्री सुभानराव यांची बग्गीखान्यात बदली, चाकांना वंगण घालण्याच्या कामावर.

म्हणजे जिथून ते तीस वर्षांपूर्वी निघाले होते, तिथेच.

मी वर गेलो आणि जगदेवरावांना तोंडावर बोललो. ते बोल इथे लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, काढून टाकलं नाही, काही सांगितलं पण नाही. एवढंच म्हणाले, "झालं बोलून? जा, थैली वाट बघतेय." त्या दिवसापासून मी त्यांना नमस्कार केला नाही. दोन वर्षं. समोरून आले तर मी गाडीखाली शिरायचो.

काकांना बग्गीखान्यात काही त्रास होतोय असं त्यांनी दिसू दिलं नाही. बग्ग्या कमी झाल्या होत्या, घोडे पण. गोत्रीहून गवताच्या गाड्या यायच्या त्या आता आठवड्यातून एकदा. मी रविवारी जायचो. ते चाकाच्या लाकडी तुंब्यात वंगण भरत असायचे, एरंडेल आणि चरबीचं. विचारायचे, "घोडी कशी आहे?" मी म्हणायचो, बरी आहे. एकदा म्हटलं, तुमच्यामागे आलेला मिस्त्री चाकाला दांडका न लावता सांगतो ठीक आहे म्हणून. काका हसले. पुढच्या रविवारी ते स्वतः गॅरेजाच्या दाराशी आले, आत आले नाहीत, मला म्हणाले गाडी बाहेर आण. रस्त्यावरच स्टँडवर लावून दांडका कानाला लावला. "फिरव." मी फिरवलं. "चालू दे," म्हणाले आणि परत गेले.

ती चौथी बेअरिंग दोन वर्षं टिकली. चोवीस हजार मैलांनंतर मी स्वतः हट्टाने बदलून घेतली, ती गेलेली नव्हती.

याच दिवाळीनंतर गॅरेजाची जागा बदलली. जुनी रजिस्टरं दफ्तरात पोचवायची होती, ती माझ्याच गाडीवर बांधली. बांधताना मी ते पान शोधलं. तीन ओळी, तिन्हीत 'चालक पिलाजी यांचा निष्काळजीपणा'. तिन्ही तांबड्या शाईने खोडलेल्या. वर लिहिलेलं 'मिस्त्री सुभानराव यांच्या हातून', आणि तिन्ही ठिकाणी शेजारी काकांची मोडीत सही.

मी जगदेवरावांकडे गेलो. दोन वर्षांनी पहिल्यांदा नमस्कार केला आणि पान पुढे ठेवलं.

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "मी त्यांना सांगत होतो, 'नुसतं पाणी गेलं' एवढं लिहितो, कुणाचं नाव नको. ते म्हणाले, पण आधीच्या तीन ओळींत पोराचं नाव आहे, ते कसं निघणार? रजिस्टरात लिहिलेलं नाव खोडायचं तर त्या जागी दुसरं नाव लागतं, हा नियम आहे. त्यांनीच दौत पुढे ओढली."

मी विचारलं, बदली तुम्ही केलीत ना?

जगदेवराव म्हणाले, "मिस्त्रीच्या हातून तीन बेअरिंगा गेल्या असं एकदा लिहिल्यावर त्यांना गॅरेजात ठेवणं माझ्या हातात राहिलं नव्हतं. त्या सकाळी हेड मिस्त्रीच्या जागेचा हुकूम माझ्या टेबलावर सहीला आलेला होता, सुभानरावांच्या नावाचा. दौत उघडण्याआधी मी तो त्यांना वाचून दाखवला होता."